टाचेपाशी उतरलेला टाका

माझ्या लग्नातल्या ट्रंकेच्या तळाशी एक राखाडी मोजा बारा वर्षं पडून होता. एकच. त्याचा जोडीदार विणायची वेळच आली नाही. घोट्यापर्यंत त्याची वीण अशी सुबक की कुणाचीही नजर लागावी, आणि टाचेपाशी मात्र उंदरानं कुरतडावं तसं जाळं. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात मी तो मोठ्या हौसेनं नवऱ्यासाठी विणला होता. त्यानं पाय घातला तर टाच आरपार बाहेर. घरातले सगळे पोट धरून हसले. सासूबाई म्हणाल्या, "मास्तरीणबाईनं मोजा नाई, चाळणी केली वो." मी काही हसले नाही. सुया, उरलेली लोकर, विणकामाची पुस्तिका आणि तो मोजा असं सगळं एका फडक्यात बांधलं, ट्रंकेत टाकलं आणि पुन्हा सुईला हात लावला नाही. माझा राग नाकावर असतो हे पांढुर्ण्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

चूक माझी असेल असं मनातही आलं नाही. दोनदा उसवून तिसऱ्यांदा केला होता, पुस्तिकेत लिहिलं होतं तसाच, शब्दाला शब्द. पुस्तिका हिंदीत होती. आमचा भाग हिंदी मुलखाच्या सीमेवरचा, कचेरी हिंदीत आणि चूल मराठीत, त्यामुळे दुकानात जे छापील मिळे ते हिंदीच असे. पुस्तिकाच चुकीची छापली असणार, असं मी ठरवून टाकलं आणि बारा वर्षं त्यावर ठाम राहिले.

मी मराठी शाळेत शिकवत होते आणि शुद्ध बोलण्याचा मला जरा जास्तच सोस होता. 'करून राहिलो' म्हणू नकोस, 'करतो आहे' म्हण. 'मले' नाही, 'मला'. सगळ्यात जास्त चीड मला 'पाय' या शब्दाची. आमच्या बोलीत 'पाहा' म्हणायचं तर लोक 'पाय' म्हणतात. "पाय ना, पाय ना" असं कुणी म्हणालं की मी लगेच विचारायची, "कुणाचा पाय? उजवा की डावा?" वर्गातली पोरं चूप व्हायची. धाकटी बहीण मात्र खट्याळ. ती सौंसरला सासरी गेली तरी मला चिडवायला मुद्दाम म्हणायची, "बाई, पाय ना, माहं नवं लुगडं पाय."

ऐंशी सालानंतरचा एक डिसेंबर होता. नाताळच्या सुट्ट्या लागायला एक दिवस होता, आणि दुपारी बसच्या कंडक्टरनं शाळेत निरोप आणून दिला. बहीण बाळंत झाली होती. दिवस भरले नव्हते, सातवाच महिना होता. मुलगी झाली होती. निरोपाचा शेवट असा होता: टोपडं आणि मोजे घेऊन ये, तिच्या मापाचे इथं मिळून नाही राहिले.

पांढुर्ण्याच्या बाजारात मी सगळी दुकानं पालथी घातली. सगळ्यात लहान म्हणून जे मोजे दाखवले त्यात माझा अंगठा आणि वर दोन बोटं मावत होती. शेवटी पिवळ्या लोकरीचा एक मऊ गोळा घेतला, घरी येऊन ट्रंक उघडली आणि ते जुनं गाठोडं तसंच्या तसं पिशवीत टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सौंसर गाठलं.

बहिणीच्या घरात संत्र्यांचा वास भरून राहिलेला होता. तोड सुरू होती, पडवीत गवत आणि पेट्या होत्या. आतल्या खोलीत बाजेवर बहीण, आणि तिच्या कुशीत पिंजलेल्या कापसाचा एक ढीग. मी वाकले. त्या ढिगात एक तोंड होतं. मी दोन लेकरांची आई, शेकडो पोरं माझ्या हाताखालून गेलेली, पण इतकं लहान माणूस मी पाहिलं नव्हतं. डोळे मिटलेले, भुवयांच्या जागी नुसती सावली, आणि तरी कपाळाला आठी पडायची. जणू तिला काहीतरी पटलं नव्हतं. बहिणीनं कापूस जरा बाजूला केला आणि तिचं पाऊल दाखवलं. संत्र्याची एक फोड असते ना, तेवढं. त्याला पाच बोटं होती आणि पाचांना नखं होती. मी हात जोडले. का जोडले ते मला अजून सांगता येत नाही.

"हात लाव," बहीण म्हणाली. लावला. पाऊल गार होतं.

नर्सबाई रोज सकाळी यायच्या. झोळीचा काटा लावून वजन करायच्या आणि मग दोन्ही तळव्यांना आपल्या बोटांची मागची बाजू लावून पाहायच्या. त्या कमी बोलत, पण बोलत ते समोरच्याला कळेल असं. "हिच्याजवळ ताकद थोडीशीच हाये. पाय गार राह्यले तर सगळी ताकद ऊब करण्यातच जाते. मंग वजन कुठून वाढीन? तळवे गरम झाले की समजा पोरगी आपली झाली." त्या दिवशी वजन आदल्या दिवसापेक्षा कमी भरलं. त्या गेल्यावर बहीण भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्या पावलांना कापूस गुंडाळला की लाथ मारून पोरगी तो काढून टाकायची. एवढासा जीव, पण लाथ मारायची. फडक्याच्या पट्ट्या सुटायच्या. घट्ट बांधायला नर्सबाईंनी मनाई केली होती.

मी अंगणात उन्हात बसले आणि आधी टोपी घेतली, कारण टोपीला टाच नसते. बारा वर्षांनी सुईवर टाके घालताना पहिले चार-पाच बोटांनी चाचपडत घातले. मग एकाएकी बोटांना सगळं आठवलं. मला आठवत नव्हतं, बोटांना आठवत होतं. एक सुलट, एक उलट, एक सुलट, एक उलट, आणि लोकर करंगळीवरून आपोआप सरकायला लागली. मला हसू फुटलं. इतकी वर्षं कुणावर रुसून बसले होते मी? लोकरीवर? दुपारचा चहा बाजूला निवून गेला आणि ऊन भिंतीवर चढलं तोवर टोपी पुरी झाली होती. ती बाळाच्या डोक्यावर चढवली तेव्हा कपाळावरची आठी टोपीखाली गेली आणि ती शांत झोपली. बहीण कितीतरी वेळानं हसली. म्हणाली, "बाई, आता मोजे."

आता मोजे. मोज्याला टाच लागतेच, नुसती सरळ नळी पायावर राहत नाही. शिवाय मोजा गोल विणायला दोन्हीकडून टोकदार अशा चार सुया लागतात. माझ्या जुन्या सुया नवऱ्याच्या पायाच्या मापाच्या, जाडजूड. दुसऱ्या दिवशी सकाळी सौंसरच्या बाजारात विचारलं, तर इतक्या बारीक सुया कुणाकडे नव्हत्या. एका दुकानदारानं सांगितलं, सायकलचे स्पोक घासून घ्या, बायका तसंच करतात.

सायकलचं दुकान बस स्टँडाजवळ होतं. दुकान म्हणजे लिंबाखाली एक पेटी, एक घमेलं पाणी आणि एक म्हातारा. हात कोपरापर्यंत काळे. मी स्पोक मागितले आणि वीतभर लांबीचे चार तुकडे दोन्हीकडून टोकदार करून द्या म्हणाले. त्यानं मान वर केली.

"चार? दोन्हीकून टोकदार? म्हंजे मोजे करून राहिल्या तुमी."

मी चकित झाले. तो घासत होता आणि मी पिशवी धरून उभी. काय वाटलं कोण जाणे, मी तो राखाडी मोजा काढला. म्हटलं, "काका, एवढ्या बारीक सुयांनी तरी टाच नीट येईल का? मागच्या वेळी अशी झाली." त्यानं कानस खाली ठेवली. मोजा हातात घेतला, उलटा केला, उजेडाकडे धरला. पंक्चर शोधताना ट्यूब फिरवतात तसा तो बोटांवरून सावकाश फिरवला.

"बाई, सुयाचा दोष नाई. तुमी टाका पाडला. हरेक ओळीतला पैला."

माझा राग पुन्हा नाकावर आला. "मी पाडला नाही. पुस्तकात लिहिलंय तसंच केलं." पिशवीतून पुस्तिका काढून मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, वर्गात वाचतात तसं: "पहला फंदा बिना बुने उतारें।"

"मंग?"

"मग काय? उतरवला. पहिला टाका न विणता सुईवरून खाली उतरवला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मोज्याकडे पाहिलं. मग असा हसला की त्याचे खांदे हलायला लागले.

"अवो बाई, तुमी कुठून आल्या? पांढुर्ण्याहून? इथं गाडीतून उतरल्या ना? मंग हरवल्या का? लोधीखेड्याले जायचं असन त माणूस उतरून दुसऱ्या गाडीत बसते. तसंच हाये हे. या सुईवरून उतरायचं, त्या सुईवर बसायचं. विणायचं नाई, नुसती गाडी बदलायची."

मी तिथंच पेटीवर बसले. बारा वर्षं. हिंदीतलं 'उतारें' मी मराठीतलं 'उतरवा' म्हणून वाचलं होतं. एक टाका एका सुईवरून दुसऱ्या सुईवर न्यायचा, तो मी दर ओळीला खाली सोडून दिला होता, आणि तो सुटलेला टाका ओळीमागून ओळ उसवत गेला होता. मी, जगाचे शब्द सुधारणारी! लाजेनं अशी काही चूर झाले की हसूच आलं. दोघंही हसलो. रस्त्यावरचे लोक बघायला लागले.

मग मी विचारलं, तुम्हाला हे कसं येतं? त्यानं स्पोकचं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं. म्हणाला, "पलटणीत होतो. तीन हिवाळे बर्फात काढले. तिथं एक पहाडी म्हातारा मेंढरं चारता चारता मोजे विणे. आमच्या लोकाइचे पाय काळे पडून राहिले होते. त्यानं शिकवलं, म्हून माहे पाय वाचले. मले वाचता नाई येत बाई, पण टाच येते."

त्यानं मला टाच शिकवली. पिवळ्या लोकरीला तो बोट लावेना. "काळी होईन. पोरीची हाये." म्हणून राखाडी मोजा घोट्यापर्यंत उसवला, त्याचे टाके त्यानं माझ्या जुन्या जाड सुयांवर घेतले आणि मला नव्या सुयांवर पिवळे टाके घालून त्याच्यामागून चालायला लावलं. पैला उतरव. बाकीचे विण. फिर. पैला उतरव. एक छोटा चौकोन झाला. तोवर मला सगळं समजत होतं. मग तो म्हणाला, "आता ओळ पुरी करायचीच नाई. मंधातूनच वापस फिरायचं. दर बारीले एक टाका पुढं जायचं, अन् पुन्हा वापस."

मला ते पटेना. अर्ध्यातून परत फिरायचं? पण आता वाद घालायची माझी हिंमत नव्हती. मी निमूटपणे फिरले. एकदा, दोनदा, तीनदा. आणि माझ्या डोळ्यांसमोर ते सपाट कापड वळलं. कुणी शिवलं नाही, दुमडलं नाही, कापलं नाही. नुसत्या पुढे-मागे जाण्यातून त्याला वाटीसारखा खोलगटपणा आला आणि ती वाटी बरोब्बर टाचेची होती. मी सुया मांडीवर ठेवल्या. कुण्या एका डोंगरावरच्या, नाव-गाव माहीत नसलेल्या मेंढपाळाच्या बोटांतलं हे ज्ञान बर्फातून या काळ्या हातांत आणि या हातांतून सौंसरच्या लिंबाखाली माझ्यापर्यंत आलं होतं, आणि उद्या ते संत्र्याच्या फोडीएवढ्या पावलावर चढणार होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्याला वाटलं सुई टोचली.

"घासू का अजून थोडं?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी जेवायचंही विसरले. बहिणीच्या सासूनं ताट तीनदा समोर आणून ठेवलं. संध्याकाळपर्यंत दोन मोजे झाले, बोटभर लांबीचे, वर सैलसर गुंफलेली दोरी. मी ते पावलांवर चढवले. बाळानं लाथ मारली. मोजा जागचा हलला नाही. तिनं पुन्हा मारली. टाच टाचेत घट्ट बसली होती. लगेच मी दुसरा जोड सुरू केला, पहिला धुवायला लागणार म्हणून. खरं सांगायचं तर हात थांबतच नव्हते म्हणून.

पुढच्या सकाळी मी अंगणात पाणी भरत होते. नर्सबाई अजून आल्या नव्हत्या. आतून बहिणीची हाक आली, जोरात.

"बाई, पाय!"

मी घागर तिथंच टाकली आणि धावत आत गेले. बहीण बाजेवर उठून बसली होती. एक मोजा तिनं काढला होता आणि ते पाऊल दोन बोटांत धरून माझ्यापुढं केलं होतं. ती 'पाहा' म्हणाली होती की पावलाविषयी सांगत होती, ते मी विचारलं नाही. ओले हात पदराला पुसले, वाकले आणि तो तळवा माझ्या गालाला लावला.

गरम होता.