कडुलिंबाखालचा वरवंटा

मला राग लवकर येतो आणि जायला वर्षं लागतात. काही राग तर मी मुद्दाम जाऊ दिले नाहीत. आमच्या गल्लीच्या नगरपालिका मेंबरवरचा राग त्यातला.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नवी ऑफिसं आली, जीपगाड्या आल्या, आणि रस्त्याकडेच्या हातभर जागेकडेही लोक वळून बघायला लागले. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा होती. नकाशात बाग, जमिनीवर उकिरडा. ती आम्ही तिघांनी साफ केली. एक गुरुजी, अहमदपूरच्या शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले. दुसरी किराणा दुकानवाली अक्का, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग आणि तोंडात शिव्या. तिसरी मी. नवरा एसटीत कंडक्टर, त्यामुळे दिवसभर घरात एकटीच असायची.

आम्ही बारा रोपं लावली, ती माणसाएवढी झाली आणि दुष्काळ पडला. टँकर आठ दिवसांनी यायचा. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची आणि ते पाणी झाडांना न्यायचं, असं आमचं चालायचं. गुरुजींनी प्रत्येक रोपाशेजारी एक झिरपणारं मडकं पुरलं होतं. पाणी त्या मडक्यातच ओतायचं, जमिनीवर थेंब सांडला तर ते शाळेतल्यासारखे ओरडायचे. चिमण्यांसाठी कडुलिंबाला एक मातीचं परळ टांगलं होतं. ते भरायचं काम माझं.

एके दुपारी आम्ही तिघं टँकरच्या रांगेत असताना मेंबरनं माणसं लावून ती जागा साफ केली. त्याला तिथं दुकानं काढायची होती. अकरा झाडं मुळासकट गेली. कोपऱ्यातला कडुलिंब दगडांच्या ढिगामागे होता म्हणून त्या दिवशी वाचला. मी तशीच मेंबरच्या दारात गेले. तो ओट्यावर पान खात बसला होता.

"वहिनी, सांडपाण्यावर कुठं बाग होत असती का?" तो म्हणाला. "घरी जाऊन भाकरी थापा."

बसलेली चार माणसं हसली. मी घरी आले आणि खरंच भाकरी थापायला बसले. थापता थापताच काय करायचं ते ठरवलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, उन्हाच्या झळांनी गल्ली ओस पडली होती तेव्हा, मी आमचा वरवंटा उचलला. लग्नात आईनं पाटा-वरवंटा दिला होता, त्यातला. तो धुतला, तेलात कालवलेला शेंदूर फासला आणि कडुलिंबाच्या बुडाशी उभा करून वर दोन फुलं ठेवली. नवऱ्यालाही सांगितलं नाही. संध्याकाळी अक्कानं तो पाहिला आणि हात जोडले. मी दुसरीकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी कडुलिंब तोडायला मेंबरबरोबर कुऱ्हाडी घेऊन आलेल्या माणसांनी शेंदूर पाहिला आणि चपला काढल्या. मेंबर ओरडला, तर एक जण म्हणाला, "साहेब, पहिला घाव तुम्ही घाला. मग आम्ही हावच." मेंबरनं घाव घातला नाही. मी खिडकीतून सगळं बघितलं आणि गुळाचा मोठा खडा तोंडात टाकला.

पुढे तर मजाच झाली. ज्या बायकांनी झाडाला कधी पेलाभर पाणी दिलं नव्हतं, त्या देवावर रोज तांब्या तांब्या ओतायला लागल्या. कडुलिंब तरारला. टँकरच्या रांगेत मेंबर दिसला की मी त्याला मुद्दाम विचारायची, "काय भाऊ, दर्शन झालं का?"

पण मेंबरही काही कच्चा नव्हता. एक दिवस तो स्वतः हार घेऊन आला, देवापुढे आडवा झाला आणि ओटा बांधून देतो म्हणाला. आठ दिवसांत बुंध्याला घट्ट चिकटून सिमेंटचा ओटा झाला. वर गुळगुळीत फरशी, तिच्यावर टेकवलेला देव, पुढं संगमरवराची पाटी आणि पाटीवर त्याचं नाव. गुरुजींचं मडकं सिमेंटखाली गेलं. बायकांचं पाणी आता फरशीवरून थेट नालीत जायला लागलं.

महिन्याभरात पानं पिवळी पडली. टांगलेल्या परळाकडे चिमण्या येईनाशा झाल्या. गुरुजींनी सालीवर नख दाबून पाहिलं.

"मुळं गुदमरली. ओटा फुटला नाही तर हे जातंय."

"मग सांगा ना मेंबरला."

"सांगितलं. म्हणतो, देवाचा ओटा फोडणार कोण?" एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं की काय, मी कधी विचारलं नाही.

दोन दिवस मी हिशेब मांडत होते. खरं सांगितलं तर गल्ली माझ्या तोंडावर थुंकणार आणि मेंबर पोट धरून हसणार. गप्प बसले तर झाड जाणार. आणि तेही माझ्याच वरवंट्याच्या आडून तो ते मारणार, हे मला सहन होत नव्हतं.

शनिवारी सकाळी देवापाशी गर्दी होती. मी घरातला पाटा डोक्यावर घेतला आणि गल्लीतून चालत गेले. ओट्यावर पाटा ठेवला. देव उचलला, पाट्यावर आडवा टाकला आणि दोन्ही हातांनी मागं-पुढं ओढला. वर्षानुवर्षं मसाला वाटून वरवंटा आपल्या पाट्यापुरताच झिजतो, दुसऱ्या पाट्यावर तो नीट बसत नाही. हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. वरवंटा न अडखळता फिरला. 

"माझ्या आईनं दिलेला हाय," मी म्हणाले. "शेंदूर मीच लावला. झाड वाचावं म्हणून."

मेंबर धावत आला. "बघा, बघा! देवाची चेष्टा केली हिनं!"

अक्का गर्दीतून पुढं आली आणि तिनं फाडकन माझ्या मुस्काटात मारली. डोळ्यांपुढं अंधारी आली. मग ती मेंबरकडे वळली.

"देव न्हाई, तर ओटा कुणासाठी ठेवलास रे? पहार आणा कुणीतरी. आन् झाडाला हात लावून बघ आता, मी हितंच बसते."

दुपारपर्यंत ओटा फुटला. अक्का तीन दिवस दुकान बंद ठेवून झाडाखाली बसली आणि मेंबर फिरकला नाही. माझ्याशी मात्र ती वर्षभर बोलली नाही. कडुलिंबाची अर्धी बाजू वाळली, उरलेली पुढच्या चैत्रात फुटली. आज त्याची सावली पार रस्त्यापर्यंत येते.

वरवंट्याचा शेंदूर मी घासून काढला, पण त्यावर मिरची वाटायला हात धजेना. माझा देवावर फारसा विश्वास नाही, तरी धजेना. आईची आठवण म्हणून ती पाटा-वरवंट्याची जोडीच होती. आता देव्हाऱ्याशेजारी नुसती पडून असते. तेही मी मेंबरच्याच खात्यावर मांडलंय.

त्या दिवशीच्या गोंधळात मी एक गोष्ट पदराखाली घालून घरी आणली. ती संगमरवराची पाटी. आमच्या मोरीत बसवलीय, नावाची बाजू वर करून. इतकी वर्षं तिच्यावर धुणी आपटते आणि खालचं सांडपाणी बादलीनं कडुलिंबाला नेऊन घालते. अक्षरं अजून पुरती झिजलेली नाहीत. मला घाई नाही.