विमलाबाईंचा डबा

विमलाबाई मडावी आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायच्या. मूळच्या गडचिरोलीकडच्या, पुण्यात विश्रांतवाडीला राहायच्या. माझ्या नावामागे आज डॉक्टर लागतं ते त्यांच्यामुळे, हे आधीच सांगून टाकते.

साल दोन हजार. बरोबरीच्या मैत्रिणी एकेक करून हिंजवडीच्या संगणक कंपन्यांच्या बसमध्ये बसत होत्या आणि मी मुंग्या निवडत बसले होते. गडचिरोलीत तापावर तांबड्या मुंग्यांची चटणी खातात. त्या मुंग्यांत कोणती द्रव्यं असतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. फॉर्मिक आम्ल तर सापडायलाच हवं होतं. तिकडून मागवलेल्या मुंग्या मी नीट वाळवून बरणीत भरल्या आणि दोनदा तपासल्या. दोन्ही वेळा जवळजवळ काहीच नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "आता एकच संधी. आपल्याला संगणकाचा क्लास लावायचा असेल, तर तसं सांगा." मला रडूच आलं.

विमलाबाई नळाशी होत्या. हात पुसून आल्या आणि बरणी उघडून हुंगली. "मॅडम, ह्या वाळवल्या काहून?"

"खराब होऊ नयेत म्हणून."

"बाप्पा! वाळल्यावर आंबटपणा राहते का? आमच्याकडे जित्त्या वाटतेत."

ते आम्ल उडून जातं, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. मी ते पुस्तक पाठ केलं होतं.

पुढच्या महिन्यात त्या भावाच्या घरी लग्नाला गेल्या. परतल्या त्या स्टेशनवरून थेट प्रयोगशाळेत. हातात स्टीलचा डबा, तोंडाला फडकं, आत पानं जोडून केलेलं मुंग्यांचं जिवंत घरटं. गाडीत सारा वेळ फडकं दाबून धरल्यामुळे दोन्ही हात मुंग्या चावून सुजलेले. खलात मुंग्या त्यांनीच वाटल्या. खोलीभर झणझणीत आंबट वास सुटला. यंत्राच्या कागदावर आम्लाची रेघ अशी उंच गेली, की सरांनी तो कागद स्वतः माझ्या वहीत चिकटवला. सरांची शाबासकी ती एवढीच.

तापाला गुण येतो का, हे माझ्या प्रबंधाने सिद्ध केलं नाही. आम्ल आहे, एवढंच. पदवीला तेवढं पुरलं.

आभारात पहिलं नाव विमलाबाईंचं घातलं. बांधलेली प्रत घेऊन विश्रांतवाडीला गेले, इंग्रजी पानाचा अर्थ सांगितला. त्यांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, मग म्हणाल्या, "माझ्या मायचं नाव नाही का? मले तिनंच तं शिकवलं."

मी नाव विचारलं आणि पेन काढलं. मी मडावी लिहायला लागले, तर त्यांनी थांबवून स्वतःच्या माहेरचं आडनाव सांगितलं: सोमारी आत्राम. त्या प्रतीत लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातल्या प्रतीतही. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये, हे मला ठाऊक आहे.