माठाचे व्याख्यान

निजामाच्या राज्यात मराठी साहित्याची सभा भरवायची तर तहसिलीची परवानगी लागे आणि ती बहुधा सभेचा दिवस उलटल्यावर येई. डोंगरकडा गावातल्या आमच्या साहित्य मंडळाने त्यावर उपाय काढला होता: परवानगी आली नाही की सभेचे हळदीकुंकू होई. बायका अंगणात बसत, पुरुष भिंतीपलीकडे, आणि वक्ता दाराआडून बोले.

मी हैदराबादहून विज्ञानाची पदवी घेऊन नुकतीच परतले होते. मला एकच हवे होते: मंडळाच्या त्रैमासिकात माझा लेख. मंडळाचे चिटणीस असलेल्या गुरुजींची अट अशी की लेख आधी सभेत वाचावा. शास्त्राला साहित्य म्हणावे की नाही, ते श्रोत्यांवरून ठरेल. विषय होता, माठातले पाणी गार का होते. परवानगी आली नाही. चैत्र होता; आईने गौर झोपाळ्यात बसवली, पन्हे केले. वक्ता बाईच असल्याने मी थेट अंगणात बसले.

दुसरे पान वाचत होते, तोच बायकांना बांगड्या भरायला आलेल्या मुसलमान चाचीने विचारले, "बेटी, पानी उडने से ठंडक आती, तो पसीने में मेरा जी कायको जलता?"

मी कागद खाली ठेवले. माठातले पाणी प्रत्येकीच्या मनगटावर शिंपडले आणि फुंकर घालायला सांगितले.

"अगं बाई, खरंच की!" शेजारच्या काकू म्हणाल्या. "चाची, तुमी वाऱ्याला बसत न्हाई, म्हणून जळता!"

"हवा में बैठूँ तो चूडियाँ तेरी सास भरेगी?"

हशा उसळला. भिंतीपलीकडून गुरुजी ओरडले, "अहो, आमाला काहीच ऐकू येऊन राहिलं न्हाई!"

"तुमी बी फुंका, गुरुजी!" काकू ओरडल्या.

लेख छापून आला, तळटीपांसह. चाचीचा प्रश्न मी त्यात घातला होता, गुरुजींनी गाळला. "तो साहित्यात बसेना," म्हणाले.

आता राज्य पालटले आहे. परवानगी लागत नाही. सभा शाळेत भरते, मी व्यासपीठावरून बोलते, स्त्रीपुरुष समोर बसतात, मध्ये कोणी बोलत नाही. हे सारे मलाच हवे होते. चाचीचे कुटुंब पोलीस कारवाईच्या वर्षीच गाव सोडून गेले. कुठे, ते कोणी सांगत नाही.

परवा बोलता बोलता मी थांबले, कोणीतरी काही विचारील म्हणून. समोरच्यांना वाटले, मी पुढचे विसरले. टेबलावर पाण्याचा पेला होता, माझ्यापुरता. अध्यक्षांनी तो माझ्याकडे सरकवला.