पंचावन्न किलोच्या आत

मुलं मला विचारतात, सर, वजन कुठे करायचं? मी म्हणतो, दोन ठिकाणी करा, आणि त्यातलं एकही ठिकाण ओळखीचं नको. त्यांना वाटतं मी गंमत करतो. मी गंमत करत नाही. माझा तो राग अजून गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, बोरी अरबपासून सायकलने तासाभरावर. आम्ही खेळायचो ती पंचावन्न किलोच्या आतली कबड्डी. मी डावा कोपरा सांभाळायचो. घोटा धरला की सोडत नसे, एवढीच माझी कीर्ती. माझ्या शेजारी, माझा हात हातात धरून, आमचा कप्तान उभा राहायचा. गावात कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याचा तो मुलगा. समोरचा चढाई करत आत आला की कप्तान माझी करंगळी दाबायचा आणि मी झेपावायचो. तीन वर्षं मी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्या दाबण्यावर जास्त विश्वास ठेवला.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास पुसदला सामने होते आणि त्यातून जिल्ह्याचा संघ निवडणार होते. मी सतरा वर्षांचा, अंग भरत चाललेलं. पुढच्या वर्षी मी काही या वजनात बसणार नव्हतो. म्हणजे ही एकच संधी.

महिनाभर मी अर्ध्या भाकरीवर राहिलो. माय रोज कटकट करायची, "काहून जीव वाळवून राह्यला रे? बिमार पडशीन." संध्याकाळी सराव संपला की आम्ही कप्तानाच्या अंगणात जायचो. तिथे कापूस मोजायचा मोठा लोखंडी काटा होता. मी चड्डीवर त्यावर उभा राहायचो आणि कप्तान दांडीवरचं वजन सरकवायचा. "पंचावन्नले दोनशे ग्राम कमी. जमलं तुहं," तो म्हणायचा, आणि मी खुशीत घरी जायचो.

खरं तर माझं अंग मला वेगळंच सांगत होतं. कमरेचा करदोडा जिथे रुतायचा तिथेच रुतत होता. धावताना मांड्या तशाच जड लागत होत्या. पण एवढा मोठा लोखंडी काटा सोडून सुताच्या दोऱ्यावर कोण भरवसा ठेवेल? आणखी एक गोष्ट तेव्हाच डोक्यात यायला हवी होती. कप्तान स्वतः त्या काट्यावर कधीच चढला नाही. तो दारव्ह्याला औषधाच्या दुकानात वजन करून यायचा. शेठजींना गावचा काटा चालत नाही, म्हणून आम्ही त्याला चिडवायचो. तोही हसायचा.

पुसदला सकाळीच पंचांनी काटा मांडला. छप्पन किलो सहाशे. मला वाटलं, वाचण्यात चूक झाली. पंच भला माणूस होता, त्यानं मला तासभर पळून यायला सांगितलं. मी मैदानाला फेऱ्या मारल्या, तोंड कोरडं पडेपर्यंत थुंकलो, पुन्हा चढलो. छप्पन किलो दोनशे.

"गावच्या काट्यावर बराबर भरत होतं, साहेब," मी म्हणालो आणि साक्षीसाठी कप्तानाकडे पाहिलं. तो खाली वाकून गुडघ्याला पट्टी बांधत होता. बराच वेळ बांधत होता.

दिवसभर मी सगळ्यांचे कपडे सांभाळत बसलो. माझ्या कोपऱ्यात दुसराच उभा होता. आमचा संघ दोन फेऱ्या जिंकला, तिसरीत हरला, आणि जिल्ह्याच्या यादीत कप्तानाचं नाव लागलं.

परतीच्या एसटीत मी त्याला विचारलं, "तुले माहीत होतं?"

तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "काय सांगू तुले? आमचा काटा कमी दाखवते म्हनू? उद्यापासून आमच्याकडे कापूस कोन आनन?"

"मले एकट्याले सांगतलं असतं."

"तुहा बाप बी आमच्याकडेच मापते ना," तो म्हणाला.

त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. दिली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. कारणसुद्धा सांगायची गरज नव्हती त्याला. माझ्यासंगं दारव्ह्याले चाल, एवढं म्हटलं असतं तरी मी गेलो असतो. त्याऐवजी तो महिनाभर माझ्या पुढ्यात दांडी सरकवत राहिला.

घरी मी पायात लचक भरल्याचं सांगितलं आणि पोटभर जेवलो. पुढे खुल्या गटात गेलो. तिथल्या धटिंगणांपुढे नुसता घोटा धरून भागत नव्हतं, उभ्याने कमरेला मिठी घालायला शिकावं लागलं. शेजारच्याने करंगळी दाबली तरी मी हलत नसे. समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे ते स्वतः बघायचो, मगच जायचो. पहिले सहा महिने नुसता मार खाल्ला. मग जमलं. लोक म्हणायचे, याचा खेळ सुधारला. सुधारला खरा, पण मजा गेली. साखळीत हात धरून उभं राहायचं आणि मनातून एकटं असायचं, त्याला मी अजून कबड्डी म्हणत नाही.

पण त्याआधी, त्याच वर्षी दिवाळीनंतर, एक गोष्ट झाली. कापसाला भाव नव्हता आणि सरकारी कापूस खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची रांग हलत नव्हती. बाबांनी आमची गाठोडी कप्तानाच्याच अंगणात नेली. व्यापारी चहाला आत गेला तेव्हा मी हळूच म्हणालो, "बाबा, हा काटा कमी दाखवते."

"माहीत हाय," बाबा म्हणाले. "साऱ्या गावाले माहीत हाय. तिकडं चार दिवस बैलं उपाशी ठेवण्यापरीस हे बरं."

"मंग मी इथं रोज वजन करत होतो, तवा काहून नाही सांगतलं?"

बाबांनी नवलाने माझ्याकडे पाहिलं. "त्यात काय सांगाचं? थो तुहा दोस्त. मले वाटे, तू उभा राह्यला का थो काटा सरळ करत असन."

मी पुढचं गाठोडं उचललं.

"हो," मी म्हणालो. "करत होता."