आबा घसरले त्याची गोष्ट

आमच्या अमरावतीच्या तालमीतले आम्ही दोन-तीन म्हातारे अजून संध्याकाळी भेटतो. एकाने एक किस्सा काढला की दुसऱ्याला त्यावरून आणखी एक आठवतो. घरी परतताना माझ्या मनात येतं, हे खरंच असं घडलं होतं का? फार शिकल्यामुळे ही शंका घ्यायची सवय लागली आहे. पण माझ्या वडिलांचे, आबांचे किस्से मी छातीठोकपणे सांगतो.

आबा शाळामास्तर. पहाटे तालमीत जोर-बैठका काढायचे. मलखांबाला एरंडेल चोळायचं काम त्यांचंच. मला मात्र 'चल' असं एकदाही म्हणाले नाहीत. मी पंधरा वर्षांचा, पुस्तकात तोंड घालून बसणारा. मलखांबाला जाम भ्यायचो, आणि आबांचा मुलगा असून भितो, याची लाज वेगळीच.

शेजारचे वकीलसाहेब उलटे. आरामखुर्चीतून हुकूम सोडायचे, "वसंता, ऊठ, पन्नास जोर काढ."

एकदा वसंता म्हणाला, "बाबा, पंचवीस तुमी काढा, उरलेले मी काढतो."

हुकूम बंद झाले.

एकदा अकोल्याहून अकोटला जाताना एसटी बंद पडली. प्रवासी कुरकुरत बसले. आबांनी टोपी माझ्या हातात दिली आणि रस्त्याच्या कडेला बैठका सुरू केल्या. मी शरमेने मान खाली घातली. वर पाहिलं तर कंडक्टरही सुरू, त्याच्यामागे पागोटेवाले चार-सहा जण.

ड्रायव्हर बॉनेटमधून डोकं काढून म्हणाला, "गुरुजी, बसा आता गाडीत. नाहीतर हे लोक पायीच अकोटले जातीन, मंग माह्यं काय काम?"

आईचा व्यायाम दार लावून. विहिरीच्या जुन्या दोराने ती उड्या मारायची. एकदा माझी बहीण कुसुम शाळेतून लवकर आली आणि तिने पाहिलं. आई ओशाळून म्हणाली, "कोनाले सांगू नको."

कुसुमने सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दोराचे दोन तुकडे झालेले होते, एक आईचा, एक कुसुमचा, आणि आबा बाहेरून विचारत होते, "घर काहून हादरून राहिलं?"

नागपंचमीला तालमीत प्रात्यक्षिकं असायची. त्या वर्षी मी स्वतःहून नाव दिलं. का, ते आजही नीट सांगता येत नाही. अर्ध्यावर चढलो आणि सरसर घसरून मातीत बसलो.

"मास्तरचं पोरगं हाय म्हने," कोणीतरी म्हणालं. पोरं हसली. मला तोंड लपवून घरी पळायचं होतं.

तेवढ्यात आबांनी सदरा काढला, चढले, आणि बरोबर तिथूनच घसरून माझ्याशेजारी येऊन आपटले. हसणं थांबलं. आबांना घसरताना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

माती झटकत ते म्हणाले, "जाय, आता तुही पाळी."

मी चढलो. थेट टोकापर्यंत.

संध्याकाळी आई त्यांची कंबर शेकत होती. "इतक्या वर्सात नाही घसरले, आजच काहून?"

"एरंडेल जास्त झालं," आबा म्हणाले.

"ते तर तुमीच चोळता."

आबांनी कूस बदलली. "जरा डाव्या बाजूले शेक."