फियाटचे पांढरे दिवे

नवरा चुकलेला पाहायला कुठल्या बायकोला आवडत नाही? पण बहुतेकींना ते सुख अधूनमधून, चिमूटभर मिळतं. उमाबाईंना ते दसऱ्यानंतर रोज संध्याकाळी मिळू लागलं आणि त्याची त्यांना चटक लागली.

त्यांचे यजमान विष्णुपंत अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात मॅनेजर होते. कारखाना कधीच बंद पडला, तिथे गोदामं झाली. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. घरात ते अजून मॅनेजरच होते. आमटीत गूळ किती घालावा, पडदे कधी धुवावेत, फोनवर बहिणीशी बोलताना उमाबाईंनी नेमकं काय म्हणायला हवं होतं, सगळ्यावर त्यांचा शेरा तयार. उमाबाईंनी मध्ये तोंड उघडलं की ठरलेलं वाक्य यायचं, "तुला त्यातलं काय कळतं?" उमाबाई निवृत्त होईपर्यंत शाळेत गणित शिकवत होत्या, पण ते विष्णुपंतांनी कधी हिशेबात धरलं नाही.

कारखान्याच्या दिवसांतलं एकच वैभव उरलं होतं, ती बदामी रंगाची फियाट. तेव्हा ही गाडी बदलापूर रस्त्यावर दिसली की समोरून येणारे कारखान्याचे ट्रकवाले दिव्यांची उघडझाप करून साहेबांना नमस्कार करायचे. त्याला दिपर देणं म्हणतात. विष्णुपंत स्टिअरिंगवरचा एक हात उचलून तो स्वीकारायचे. ट्रकवाले गेले, दिपर बंद झाले. गाडी मात्र त्यांनी तळहाताच्या फोडासारखी जपली. दसऱ्याला तिला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, आणि काचेपासून हँडलपर्यंत सगळं ओरिजिनल. बाहेरचा एक स्क्रूही तिला लागू द्यायचे नाहीत.

मग संध्याकाळी रस्ता दिसेनासा झाला. खरं म्हणजे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, पण दोष अर्थातच दिव्यांचा. बंगळूरहून मुलगा समीर फोनवर म्हणाला, "बाबा, एलईडी टाका. लख्ख दिसेल." डोळे तपासा म्हणायची त्याची काय टाप! लांब राहणाऱ्या मुलांना असले सोपे उपाय बरे सुचतात.

दोघं नवरा-बायको उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या मोटारीच्या सामानाच्या एका दुकानात गेली. बल्ब बसवून होत होते तेव्हा विष्णुपंत शेजारी वायपर बघायला गेले होते. दुकानदार उमाबाईंना म्हणाला, "आंटी, ये काच पुराना है, पीले बल्ब के लिए बना है. एलईडी इसमें फैलेगा, सामनेवाले के आँख में जाएगा. अंकल को बोलो, पूरा सेट बदली करो."

विष्णुपंत परत आल्यावर उमाबाई म्हणाल्या, "अहो, हे म्हणतात की काचेसकट बदलायला..."

"काच ओरिजिनल आहे. तुला त्यातलं काय कळतं?"

"बरं," उमाबाई म्हणाल्या. बाईचं असं बिनविरोध 'बरं' आलं की शहाण्याने सावध व्हावं. पण तेवढा शहाणा त्या घरात नव्हता.

त्याच संध्याकाळी पालेगावच्या वळणावर समोरच्या टेम्पोने दिपर दिला. मग एका रिक्षाने. मग एका मोटारीने, दोनदा. विष्णुपंतांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी हात उचलला.

"बघितलंस? ओळखतात अजून लोक गाडीला."

उमाबाईंना सगळं स्वच्छ दिसत होतं. समोरचे लोक डोळ्यांवर हात धरत होते. फियाटचा पांढरा फटक उजेड त्यांच्या तोंडावर आदळत होता, आणि ते बिचारे दिवे खाली करा म्हणून विनवत होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य जिभेपर्यंत आलं, आणि उमाबाईंनी ते गिळलं. गिळताना त्यांना गोड लागलं, हेही लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर रोज दिवेलागणीला इस्त्रीचा शर्ट घालून विष्णुपंत बायकोला घेऊन खरवईपर्यंत चक्कर मारू लागले. अमुक दिपर तमुक कंपनीच्या जुन्या माणसाचा असणार, असे अंदाज जेवताना चालायचे. उमाबाई वाढता वाढता हुंकार द्यायच्या. एकदा एक रिक्षावाला बाजूला येऊन ओरडला, "अंधा है क्या बुड्ढे! लाईट नीचे कर!" विष्णुपंतांना कमी ऐकू येतं.

"काय म्हणाला?"

"गाडी छान ठेवलीय म्हणाला," उमाबाई म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून हसल्या. इतकं मनापासून त्या कित्येक वर्षांत हसल्या नव्हत्या.

होळी जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. पालेगावकडे नव्या इमारतींचं काम चाललंय, तिथे कडेला खडीचे ढीग असतात. समोरून एक मोटारसायकल आली. तिने दिपर दिला, पुन्हा दिला, पुन्हा दिला. विष्णुपंतांनी प्रसन्न होऊन हात वर केला. मोटारसायकल डगमगली आणि खडीत जाऊन आडवी झाली.

"थांबवा!" उमाबाई ओरडल्या.

बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा गोमा आणि त्याची बायको चंद्री तिच्यावरून मजुरी करून घरी निघाले होते. गोमा लंगडत गाडीपाशी आला आणि त्याने टपावर थाप मारली.

"किती येला दिपर दिला तुला, म्हाताऱ्या! लाईट खाली कराया काय होतं? आन् वर हात काय करतस? आशीरवाद देतस काय?"

"अहो, मला वाटलं तुम्ही मला ओळखून..."

"कोन हायस तू?"

विष्णुपंतांनी नाव सांगितलं नाही, हुद्दा सांगितला नाही. खाली उतरून मागचं दार उघडलं.

चंद्रीचं मनगट मोडलं होतं. गोमा पुढे बसला, ती मागच्या सीटवर उमाबाईंच्या शेजारी, सुजलेला हात मांडीवर घेऊन. बदलापूरच्या दवाखान्यापर्यंत ती एकदाही कण्हली नाही. एवढंच म्हणाली, "बाय, त्याला नसंल दिसत. तुला तरी दिसत व्हतं ना? मंग तू का नाय बोलली?"

ऐन कामाच्या दिवसांत या बाईचा उजवा हात उमाबाईंनी हसता हसता मोडला होता. विष्णुपंतांना खरंच दिसत नव्हतं. उमाबाईंना तेवढीही सबब नव्हती.

प्लास्टर झालं, चंद्रीचा भाऊ येऊन दोघांना घेऊन गेला. विष्णुपंतांनी दिवे बारीक करून, पायी चालल्याच्या वेगाने गाडी घरी आणली आणि इमारतीखाली ती बंद करून स्टिअरिंग तसंच धरून बसले.

"म्हणजे इतके दिवस जे दिपर देत होते..."

"त्यांच्या डोळ्यांवर येत होतं."

"तुला माहीत होतं?"

"दुकानातच सांगितलं होतं त्याने."

मग विष्णुपंतांनी जे विचारलं ते इतक्या मऊ आवाजात, की उमाबाईंना क्षणभर लग्नातले विष्णुपंत आठवले.

"मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाहीस?"

केवढी सोय करून दिली होती त्यांनी! नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. जिने नवऱ्याचं मन जपलं ती बायको, म्हणून बिल्डिंगमध्ये कौतुक झालं असतं. पण चंद्रीच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं राहिलं होतं.

"नाही," उमाबाई म्हणाल्या. "मजा येत होती."

हे बोलून मोकळं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. उलट तोंडात कडू चव आली. विष्णुपंत रागावले नाहीत, आणि तेच भलतं वाईट झालं. आयुष्यभर त्यांच्या रागाला तोंड द्यायची तयारी उमाबाईंनी करून ठेवली होती. या पडलेल्या चेहऱ्याचं काय करायचं ते त्यांना कळेना.

विष्णुपंतांनी दार उघडलं, गुडघ्यावर हात टेकून ते बाहेर पडले, आणि वाकून आत बघत म्हणाले, "उद्या सकाळी त्या बाईच्या पाड्यावर जाऊन येतो मी. रिक्षाने. तू येऊ नकोस. तुला तिथेही मजा येईल."

आणि लिफ्टची वाट न बघता ते जिन्याने वर गेले.