मोनिकचं गाव

काल मोनिक गेली. फ्रान्समधल्या तिच्या गावात आता एकोणीस माणसं उरली.

गल्फ वॉरच्या वेळी आम्ही सौदीतल्या अल-खोबरच्या एका हॉस्पिटलमध्ये होतो. ती ऑपरेशन थिएटरची सिस्टर, मी लॅबमध्ये.
माझी मुलं आधीच आईकडे चिपळूणला पाठवली होती. नवरा जुबैलला, शिफ्टवर अडकलेला.

क्षेपणास्त्राचा सायरन झाला की पेशंट्सना घेऊन बेसमेंटमध्ये उतरायचं. तोंडाला गॅस मास्क.
धोका टळल्याचा ऑल क्लिअर भोंगा झाला की मास्क काढून ती गावाबद्दल बोलायची. एक चर्च, बंद पडलेली शाळा, पाव विकणारी व्हॅन. तरुण सगळे शहरात. म्हातारे आणि गाई मागे.
तिचे वडील तिथे एकटेच.

युद्ध ऐन भरात असताना तिच्या गावाहून वडिलांच्या शेजारीणबाईंचा फोन आला. वडील गोठ्यात पडले होते.
मोनिकने सगळीकडे विचारलं. सिव्हिल फ्लाइट्स बंद. एअरलाइनच्या ऑफिसातला माणूस नुसता "सॉरी सिस्टर" म्हणत राहिला.
चार दिवसांनी वडील गेले.

अंत्यविधीच्या संध्याकाळी वॉर्डच्या फोनवर कशीबशी लाइन लागली. शेजारीणबाईंनी रिसीव्हर खिडकीबाहेर धरला होता. चर्चची घंटा ऐकू यावी म्हणून.
मोनिक डोळे मिटून ऐकत होती.

आणि इकडे सायरन सुरू झाला.

मी तिचा हात ओढला. "मोनिक, खाली चल."
"थांब," ती म्हणाली. "बाबांना नेतायत."

मी तिच्या तोंडाला मास्क लावायला गेले. मास्क लावला तर रिसीव्हर कानाला लागेना. तिने तो बाजूला सारला.
मी माझा मास्क घालून तिच्याशेजारी जमिनीवर बसले.
काचा हादरल्या. लाइन गेली.
ती तरी रिसीव्हर धरून होती.

युद्ध संपल्यावर ती गावी गेली ती कायमची. त्या भागात डॉक्टर नव्हता, म्हणून सगळ्या म्हाताऱ्यांचं हीच बघायची.
नंतर व्हिडिओ कॉलवर एकेकाचं नाव सांगायची. हा गेला, ती गेली.
"तू आहेस म्हणून त्यांना आधार," मी एकदा म्हटलं.
"मी काहीच थांबवू शकत नाही गं," ती म्हणाली. "फक्त त्यांचे डोळे मिटवते."

काल तिच्या भाचीचा फोन आला. इंग्लिशमध्ये थोडंसंच बोलली. शेवटी तिच्याजवळ कोण होतं, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

इतक्या लांबून मी काय करणार? हे लिहितेय.
तिला मराठी येत नव्हतं. तुम्ही वाचा.

मोनिक, बाई, शांत झोप आता.
तुला माझा मनापासून निरोप.